उसनी कातडी

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

सुरुवात कशी करावी यावरच दोन कागद फाडले. ‘सप्रेम नमस्कार’ लिहावं तर ते खोटं, आणि काहीच न लिहावं तर तुम्ही म्हणाल, वहिनीचा फणकारा अजून गेलेला दिसत नाही. गेलेला नाहीच. सध्या गुंडाळून ठेवलाय.

तुमचा पत्ता फोमवाल्याकडून मिळवला. आधी आढेवेढे घेत होता. मग मी त्याच्या दुकानातच ठाण मांडून बसले तेव्हा दिला. फोन नंबर आपल्याकडे नाही म्हणाला, तो खरंच नसेल किंवा तुम्हीच देऊ नको म्हणून बजावलं असेल. तुम्ही तंबू शिवायच्या कारखान्यात आहात म्हणे. बरं आहे. सोफ्याच्या कव्हरांपेक्षा तंबू सोपे असतील, त्यांना ना हात ना पाठ.

दुकान जळलं.

हे आधी लिहायला हवं होतं, पण हात तिथवर जात नव्हता. नुसतं दुकान जळलं असतं तर मी तुम्हाला लिहिलंच नसतं. हे आत होते. बसच्या सीटांचं काम घेतलं होतं. आपल्या दुकानाची रीत तुम्हाला माहीत आहे. रेक्झीन चिकटवायचं सोल्युशन लावायचं काम तुमचं, ते मागच्या अंगणात. गरम हवेच्या मशीननं रेक्झीन ताणून बसवायचं काम यांचं, ते पुढच्या खोलीत. मधे भिंत. तुम्ही गेल्यावर दोन्ही कामं एका माणसाकडे आली आणि एका खोलीत आली. मी कितीदा म्हटलं, अंगणात जा, तर म्हणायचे, मग गिऱ्हाईक कोण बघणार? त्या दिवशी सोल्युशनचा डबा उघडा होता आणि मशीन चालू होतं, वाफेनंच पेट घेतला. मी तुम्हाला दोष देत नाही. फक्त झालं ते सांगतेय.

छाती, पाठ, दोन्ही हात, मान आणि चेहरा, त्यात डावा गाल जास्त. जीव आहे, शुद्ध आहे, बोलतात. सगळं अंग पट्ट्यांमध्ये, डोळे आणि ओठ तेवढे उघडे. काल मला म्हणाले, “बघ, आता माझंच कव्हर बदलायला आलंय.” आणि स्वतःच हसले. हसताना ओठ फाटून रक्त आलं, ते मी टिपलं.

एकदा येऊन बघून जा. दुसरं काही मागत नाही. त्या ट्रकवाल्यानं माणूस ओळखण्यात चूक केली आणि यांच्या ऐवजी तुमच्या थोबाडीत मारली, हे वाईटच झालं. पण हे तेव्हा मागे अंगणात होते, यांना कळलंसुद्धा नाही. एका थपडेसाठी सख्ख्या भावाशी, तेही एका वेळी जन्मलेल्या, कोणी इतकी वर्षं बोलणं टाकतं का? तुम्ही निघालात तेव्हा मी सगळ्यांदेखत तुम्हाला कातडीबचाऊ म्हटलं होतं. तो शब्द अजून परत घेतलेला नाही. आलात तर विचार करीन.

वहिनी


२८ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर नाही. मी वाट बघत होते असं समजू नका. बघत होते, पण समजू नका.

मागच्या पत्रात फक्त बघायला या म्हटलं, त्यात थोडी लबाडी होती. आता सरळ लिहिते.

इथले डॉक्टर फार बारीक आवाजात बोलतात, ऐकायला पुढे वाकावं लागतं. त्यांनी मला कागदावर माणसाची आकृती काढून दाखवली आणि जिथे जिथे कातडी उरली नाही तिथे रेघोट्या ओढल्या. रेघोट्याच जास्त. म्हणाले, “बाई, कातडी म्हणजे नुसतं झाकण नसतं. ती नसली की आतलं पाणी झिरपून जातं आणि बाहेरचा जंतू घरात आल्यासारखा आत येतो.” पायांची जी चांगली होती ती सोलून त्यांनी हातांना, मानेला आणि गालाला लावली. ती संपली. छाती आणि पाठ तशीच उघडी राहिली.

मी म्हटलं, माझी घ्या.

ते म्हणाले, “घेऊ, पण ती टिकत नाही. काही आठवडे शरीर ठेवून घेतं, मग परकी आहे हे ओळखतं आणि टाकून देतं. तेवढ्यात आपल्याला वेळ मिळतो, इतकंच.”

मला राग आला. परकी? मी म्हटलं, “डॉक्टर, इतक्या वर्षांचा संसार आहे आमचा.” ते म्हणाले, “त्याचा इथे काही संबंध नाही.” मी म्हटलं, मग ज्याचा संबंध असतो ते सांगा. तर म्हणाले, भावाबहिणीचीही टिकत नाही, आईचीसुद्धा नाही. फक्त एकसारखा जुळा असेल तर त्याची टिकते. शरीराला ती आपलीच वाटते, कायमची.

मी आकृतीचा तो कागद माझ्याकडे ओढून घेतला. मग म्हटलं, “आहे.”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, “मग कुठे आहे?”

तर भाऊजी, प्रश्न हा आहे. कुठे आहात?

माझी काढली गेल्या आठवड्यात. दोन्ही मांड्यांची. बटाटा सोलायच्या यंत्रासारखं काहीतरी असतं, कागदाइतका पातळ पापुद्रा काढतात. मग त्याला चिरा पाडून जाळी करतात आणि ओढून मोठा करतात, आपण कमी पडलेलं रेक्झीन ताणून बसवतो अगदी तसं. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या होत्या, “जखमेपेक्षा जिथून काढतात ते जास्त झोंबतं.” मला वाटलं, घाबरवताहेत. नाही, कमीच सांगितलं होतं. आता मी भिंतीला धरून चालते आणि बसताना आधी देवाचं नाव घेते.

यांना फक्त एवढंच सांगितलंय की बायकोची कातडी लावली. टिकणार नाही हे सांगितलेलं नाही. पट्टी सोडली तेव्हा खाली गुलाबी रंग दिसला, डॉक्टर बरं म्हणाले, आणि यांचे डोळे भरून आले. मावशींना म्हणतात, “हिच्या पायात माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटणार नाही.” मावशी म्हणाल्या, “तेवढं नका करू, पुन्हा कातडं आणायचं कुठून?” सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. कुठून आणायचं हे एकटी मला माहीत होतं.

तुम्हाला एक दिवस भूल देतील. महिनाभर झोंबेल. नंतर तिथे नुसता फिकट डाग राहतो. जास्त सांगत नाही, कमीही सांगत नाही.

या.

वहिनी


१७ मार्च

भाऊजी,

माझी कातडी सुटायला लागली.

सिस्टर पट्टी बदलताना मला बाहेर काढतात, आज नाही काढलं. कडेनं काळपट झाली होती आणि तापलेल्या दुधावरची साय बोटानं सरकावी तशी सरकत होती. सिस्टरनं ती चिमट्यानं उचलून ट्रेमध्ये ठेवली. माझी होती ती. मी तिला ओळखलं नाही आणि यांच्या अंगानंही ओळखलं नाही. मी काय करू शकत होते? चिमट्याला म्हणणार होते का, राहू दे म्हणून?

मला फार राग येतो, भाऊजी, आणि तो कुणावर काढावा कळत नाही. मी या माणसाचं सगळं केलं. याची तापातली बडबड ऐकली, याच्या घोरण्यावर झोपायला शिकले, याच्यासोबत कव्हरांच्या कडांची पायपिंग शिवून शिवून माझी बोटं वाकडी झाली. आणि याचं अंग मला काही आठवडे ठेवून घेतं, पाहुण्यासारखं, आणि मग दार दाखवतं. तुम्ही इतकी वर्षं एक शब्द टाकला नाही, आणि तुम्ही मात्र त्याला आपले. हा कुठला न्याय? डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, न्याय नाही, नुसतं शरीर आहे.

शेवटी परवा मी यांच्यापुढे तुमचं नाव काढलं. कातडीचं बोलले नाही, एवढंच म्हटलं की धाकट्या भाऊजींना बोलावू या का. मला वाटलं विरघळतील. एकदम ताठ झाले. म्हणाले, “त्याच्याकडे काही मागायचं नाही. पाणीसुद्धा नाही.” मी म्हटलं, अहो, थप्पड ट्रकवाल्यानं मारली, तुमचा काय दोष, तुम्ही तर अंगणात होतात.

तर म्हणाले, “मी अंगणात नव्हतो.”

मग डोळे मिटून सगळं सांगितलं. तुम्हाला ते माहीतच आहे, माहीत नव्हतं ते मला एकटीला. ट्रकच्या सीटा यांनी घाईत साध्या दोऱ्यानं शिवल्या होत्या. नायलॉनचा संपला होता. टाके उसवले. ट्रकवाला आला तेव्हा हे दुकानातच होते, अर्ध्या शटरच्या आत. तुम्ही बाहेर होतात. त्यानं तुमची कॉलर धरली तेव्हा तुम्ही आत बघितलंत. यांनी तुम्हाला बघितलं. आणि हे पुढे आले नाहीत. तुम्हीही ‘मी तो नव्हे’ असं म्हणाला नाहीत. मारून तो गेल्यावर शटर वर करून हे बाहेर आले आणि म्हणाले, “काय झालं रे?”

ते ‘काय झालं रे’ सांगताना यांचा आवाज इतका बारीक झाला की मी वाकले.

“एकदा त्याच्या गालावर माझं भागवलं,” म्हणाले. कातडीचं मी बोलले नव्हते, तरी यांनी ओळखलं होतं. “आता पुन्हा त्याच्या अंगावर भागवू? मेलो तरी चालेल.”

तेव्हा कातडीबचाऊ हा शब्द मी परत घेते. तो चुकीच्या भावाला लागला होता. बरोबर भाऊ समोर पडला आहे, त्याला तो लावायला माझी जीभ रेटत नाही, आणि आता त्याच्याकडे बचावायला कातडीही नाही.

तुम्हाला एकदा चारचौघांत बोलवून सालटी काढीन असं मी मनाशी किती वेळा ठरवलं होतं. आता तुमच्यापुढे हात पसरून उभी आहे. डॉक्टर म्हणतात, पाठ उघडी पडली की हातात फार दिवस नाहीत. तुम्ही आला नाहीत तर मी तुम्हाला दोष देऊ शकणार नाही, हेच मला सगळ्यात जास्त छळतं.

वहिनी


९ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही निरोप न घेता गेलात म्हणून हे. तुम्हाला चालता येत होतं का नीट? मांडीला सदऱ्याचं मऊ कापड लावा, जाड पँट घालू नका. आणि कारखान्यात बसून शिवायचं काम महिनाभर घेऊ नका.

त्या सकाळी मी नळावर भांडं विसळत होते. मागे पावलं वाजली, वळले, आणि दारात हे उभे. सगळा चेहरा जागेवर. गाल, भुवया, कानाची पाळी. थकलेले, दाढी वाढलेली, पण सगळं शाबूत. माझ्या तोंडून “अहो” निघालं. भांडं हातातून पडलं. तुम्ही म्हणालात, “मी आहे, वहिनी.” तेव्हा मी तुमच्यासमोर रडले ते तुम्ही आलात म्हणून नव्हे. आता खरं सांगायला हरकत नाही. ते तुम्ही होतात, हे नव्हते, म्हणून रडले.

दवाखान्यात कुणालाही काही वाटलं नाही, तुमच्या लक्षात आलं का? गावात आपलं दुकान ‘जुळ्यांचं दुकान’ होतं. तुम्ही रस्त्यानं चाललात की लोक यांच्या नावानं हाक मारायचे, यांचे निरोप तुम्हाला आणि तुमचे यांना. इथे मावशींनी विचारलं, “हे कोण?” मी म्हटलं, “दीर.” “बरं,” म्हणाल्या आणि फरशी पुसत पुढे गेल्या. यांचा चेहरा इथे कुणी पाहिलेलाच नाही. त्या इमारतीत तुम्हा दोघांचा चेहरा एक होता हे फक्त मला ठाऊक होतं.

हे भुलीत असताना तुम्ही काचेतून बघत होतात. चेहऱ्यावरची पट्टी काढलेली होती. तुम्ही स्वतःच्या गालावरून हात फिरवलात. मग म्हणालात, “आता कुणी चुकायचं नाही.”

तुम्हाला ते बरं वाटलं की वाईट, हे तुमच्या आवाजावरून कळलं नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही कळलं नसावं.

मी तुम्हाला थांबवायला हवं होतं, पण तुम्ही अट घालूनच आला होतात. यांना कळता कामा नये. “त्याला कळलं तर तो जन्मभर वाकून राहील,” म्हणालात, “आणि त्याला वाकलेला बघत मला पुन्हा त्याचा भाऊ व्हायचं नाही. मला जाऊ दे.” तुमच्या हातात सही करायचं पेन होतं आणि आत यांची पाठ उघडी होती. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. मीही म्हटलं. डॉक्टर नाराज झाले, म्हणाले, “घरचं तुम्ही बघा, मी फक्त कातडीचं बघतो.”

लागली. सगळी लागली. डॉक्टर रोज बोटानं दाबून बघतात आणि मान हलवतात. आम्ही सगळे जण तुमच्या अंगाकडे बघत बसतो आणि तुम्ही तिथे नसता.

जीव वाचला. हे मी वेगळ्या ओळीत लिहिते, म्हणजे तुमच्या नजरेतून सुटणार नाही.

वहिनी


२२ मे

भाऊजी,

आम्ही घरी आलो. हे खुर्चीत बसतात, अंगणात चार पावलं टाकतात. चेहरा तुम्ही पाहिलात त्याहून बरा आहे, पण तो आता यांचा एकट्याचा आहे. आरसा मी काढून ठेवला होता, यांनीच परत मागून घेतला. बघितलं आणि म्हणाले, “शिलाई चांगली आहे, कापड जरा आखडलंय.”

तुम्हाला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मला इथे बसवत नाही.

हे येईल त्याला सांगतात. फोमवाला आला, त्याला सांगितलं. शेजारीण आली, तिला सांगितलं. सदरा वर करून दाखवतात. “दुसरं ऑपरेशन केलं आणि हिचं कातडं कायमचं बसलं. डॉक्टरसुद्धा म्हणत होते, टिकत नाही म्हणून. माझ्या अंगानं धरून ठेवलं.” दुसऱ्या वेळीही माझीच लावली असं यांनी आपलं आपण धरून घेतलं, मी ते खोडलं नाही. डॉक्टरांचं ते वाक्य यांना कुठून कळलं कोण जाणे, पण कळलं, आणि आता तेच यांच्या अभिमानाचं झालंय. शेजारणीनं माझा हात हातात घेतला आणि डोळे पुसले. म्हणाली, “असं प्रेम बघायला मिळत नाही.” मी चहा ठेवते म्हणून उठले. आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

भाऊजी, माझी ट्रेमध्ये गेली. मी पाहिली जाताना. आणि आता माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत मी जी कोणी झाले आहे ती मी नाही. इतक्या वर्षांत यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मला ते हवंसं वाटतं, हे आणखी वाईट. खरं सांगावं तर तुमचा शब्द मोडतो आणि यांचं हे बघणं जातं. न सांगावं तर तुम्ही दिलेलं मी रोज थोडं थोडं चोरते. दोन्हीकडून माझीच मान अडकली आहे.

आणि परवा हे म्हणाले, “कागद घे. धाकट्याला लिहायचंय.” बोटं अजून वळत नाहीत, म्हणून ते बोलले आणि मी लिहिलं. ते पत्र सोबत आहे. अक्षर माझं, बाकी सगळं यांचं. मी एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. आधी ते वाचा असं सांगायला हवं होतं, पण तुम्ही माझं आधी उघडणार हे ठाऊक आहे.

त्यात शटरचं सगळं आहे. नायलॉनच्या दोऱ्याचं आहे. ‘काय झालं रे’ हेसुद्धा आहे. लिहून झाल्यावर मी विचारलं, इतक्या वर्षांत नाही आणि आत्ताच का? तर म्हणाले, “दवाखान्यात मागितली असती तर कातडीसाठी माफी मागितली असं झालं असतं. आता मला त्याच्याकडून काही नकोय. त्याचं काही घेतलेलं नाही. म्हणून आता मागता येते.”

मी पाकीट चिकटवलं नाही. तीन वेळा उघडून वाचलं. अख्ख्या पत्रात हा एकच भाग मला हात थांबवून लिहावा लागला, ‘तुझं काही न घेता मागतोय’ तो.

तुम्ही मला मोकळं करा. सांग म्हणा, किंवा सांगू नको म्हणा, पण एकदा पुन्हा म्हणा. तेव्हा म्हणालात ते यांनी माफी मागायच्या आधीचं होतं. यांचं पत्र वाचून जर तुम्हाला यावंसं वाटलं तर या, आणि स्वतःच सांगा. मला ते जमायचं नाही. मी दारात उभी राहीन, एवढंच जमेल.

आत्ता हाक मारताहेत. उन्हानं छातीला खाज सुटते आणि खाजवायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. म्हणून मी सदरा वर करते आणि फुंकर घालते. हे डोळे मिटून घेतात. काल म्हणाले, “तुझंच कातडं ना, तुलाच बरोबर कळतं कुठे फुंकायचं.”

मी फुंकत राहिले.

वहिनी